पाहुणे बैठकीत, आत्याबाई स्लॅबवर

माहेर परभणीचं आणि सासर राणीसावरगावचं असलं की किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडला की मैत्रिणी विचारतात, "काय गं, काल पाहुणे आलते का?" आमच्याकडे पाहुणा आला म्हणजे काहीतरी घडलेलं असणार, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई. मामंजींनी जन्मात बिडी ओढलेली नाही. पण बैठकीच्या कपाटातला त्यांचा साठा बघून पानटपरीवाला लाजेल! भावकीतल्या म्हाताऱ्यांना बिडीचा बंडल, ऑफिसच्या माणसांना साधी सिगारेट, जावई आणि व्याह्यांना फिल्टरची. पाहुण्यावर मागायची वेळ येऊ द्यायची नाही आणि पाहुण्याला कशालाही नाही म्हणायचं नाही, असा त्यांचा कायदा.

आणि आत्याबाईंना दमा. आता बोला!

*

लग्नानंतर घरी पहिल्यांदा पाहुणे आले ते आत्याबाईंचे सख्खे थोरले भाऊ, नवऱ्याचे मामा. मी ट्रे घेऊन गेले. चहा, सुपारी, सिगारेटचं पाकीट, सगळं नीट मांडलेलं. मामांनी सिगारेट तोंडात धरली आणि मामंजी माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, काडी?"

माझ्या माहेरी काडेपेटी देवापुढे आणि गॅसजवळ, तिसरीकडे कुठे नाही. मला वाटलं, इथली रीतच असेल. मी पदर सावरला, काडी ओढली आणि जळती काडी थेट मामांच्या तोंडापुढे धरली!

मामा "आरं द्येवा!" म्हणून असे मागे सरकले की सिगारेट चहात पडली. मामंजींचा चेहरा पांढराफटक. शेवटी मामांनीच सांभाळून घेतलं. म्हणाले, "पोरी, पेटी ठिवायची असती. पेटवायची नसती!"

*

त्याच दिवशी दुसरा धक्का बसला. भाऊ आलेला आणि बहीण कुठे दिसेना. शोधत शोधत वर गच्चीवर गेले. भर दुपारी पाण्याच्या टाकीच्या वीतभर सावलीत आत्याबाई पोतं टाकून डाळ निवडत बसलेल्या. शेजारी दम्याचा पंप.

"आत्याबाई, इथं उन्हात का?"

"पाव्हणे आलेत न्हवं," त्या म्हणाल्या. जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

मी नवऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? आईला धूर सोसत न्हाई, म्हणून ती स्लॅबवर जाती."

"मग धूरच का नाही वर पाठवत?"

मी देवघरात चप्पल घालून शिरले असावे, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

*

मग मी बैठकीत 'येथे धूम्रपान करू नये' अशी पाटी लावली. चांगली लॅमिनेट करून! दुसऱ्याच दिवशी चुलत सासरे आले. त्यांनी पाटी मोठ्यांदा वाचली, मान डोलावली आणि म्हणाले, "ब्येस केलं. लोकं लय माजलेत, ऐकतच न्हाईत." आणि बिडी पेटवली!

त्यावर कडी म्हणजे मामंजी त्यांनाच म्हणाले, "सुनंनं लावलंय. मनावर घिऊ नका."

*

आत्याबाईंना परभणीच्या छातीच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "घरात धूर नको." मामंजींनी दहादा मान हलवली होती. एकदा डॉक्टर आमच्याच बाजूला कुणाच्या लग्नाला आले होते, ते सहज चहाला घरी आले. मामंजींची ही धावपळ! कपाटातून नवं कोरं फिल्टरचं पाकीट काढलं, फोडलं आणि अदबीनं पुढे केलं.

डॉक्टर चाट! "अहो, मी तुमच्या बायकोच्या दम्यावर औषध देतो!"

मामंजी हसून म्हणाले, "म्हणून तर त्यांना वर धाडलंय साहेब. तुमी बिनघोर ओढा."

*

थोरल्या नणंदेचं, सुरेखाताईंचं वेगळंच. त्यांनी देवाला नवस बोलून, अबोला धरून, रडून-भेकून दाजींची सिगारेट सोडवली होती. मग अधिक मास आला आणि जावयाला वाण द्यायला बोलावणं गेलं. चांदीच्या ताटात अनारसे, दिवा, कपडे, आणि अनारशांच्या शेजारी फिल्टरची दोन पाकिटं!

सुरेखाताई वडिलांवर किंचाळल्याच, "दादा! त्यांनी सोडलीय!"

दाजींनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा ताटाकडे. मग पाकीट उचलून कपाळाला लावलं. "सासऱ्याच्या वाणाला न्हाई कसं म्हणावं? मान हाय तो."

दाजी अजूनही तो मान रोज पाळतात.

*

हे सगळं मी हसत सांगते. पण गेल्या उन्हाळ्यातलं सांगताना हसू येत नाही.

बैठक माणसांनी भरलेली. मी वाळवण काढायला वर निघाले, तर आत्याबाई जिन्यातच बसलेल्या. एक हात भिंतीला, ओठ निळे, पंप संपलेला. मी धावत बैठकीच्या दारात गेले आणि ओरडले, "आत्याबाईंचा श्वास अडकलाय!"

मामंजी उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, हळू. पाव्हणे हायत."

मी आणि नवऱ्यानं शेजारच्यांच्या गाडीतून त्यांना गंगाखेडला नेलं. मामंजी मागून आले, पण पाहुण्यांना एसटीत बसवून! वाईट माणूस म्हणावं, तर तसंही नाही. दवाखान्यात आत्याबाईंच्या उशाशी रात्रभर बसून रडले.

आणि घरी आल्यावर मोठ्या काळजीनं त्यांनी सोय केली. काय सोय? स्लॅबवर पत्र्याचं शेड! गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "बायकोला किती जपतेत बाई!" मी कपाळावर हात मारून घेतला.

*

आता परवाचं. धाकटी नणंद मनीषाला बघायला पोखर्णीचे पाहुणे आले. पुरुष बरेच, बाई एकच, ती मुलाची आई. पोहे झाले, पाकिटं फिरली, बैठकीत माणूस माणसाला दिसेना. आत्याबाई कधीच वर गेलेल्या. मनीषाला प्रश्न विचारून झाले, तेव्हा माझ्या लक्षात आलं, मुलाची आई जागेवर नाही!

पाणी घेऊन वर गेले, तर पत्र्याखाली दोघी शेजारी शेजारी. मुलाच्या आईनं आत्याबाईंच्या पंपाचा झुरका घेतला आणि पदरानं पुसून परत दिला.

"माजा घरीच ऱ्हायला," ती मला म्हणाली.

"म्हणजे, तुम्हाला पण?"

"लय वर्सं झाली. आमच्यात स्लॅब न्हाई. पाव्हणे आले की मी गोठ्यात बसती."

आत्याबाई खाली अंगणात उभ्या असलेल्या मनीषाकडे बघत होत्या. मग वळून म्हणाल्या, "विहीणबाई, माजी पोरगी गोठ्यात न्हाई बसायची. तिला बसवायचं असंल तर हितंच ऱ्हाऊ द्या."

मुलाच्या आईसमोर मुलीची आई असं बोलते? झालं, मोडली सोयरीक! मुलाची आई उठली आणि तडक जिना उतरायला लागली. मागून आत्याबाई, त्यांच्या मागे मी.

बैठकीच्या दारात ती थांबली. नाकाला पदर लावलेला. मामंजी लगबगीनं उठले. "या, या! काय पायजे? फकस्त सांगा. तुमचा शब्द पडू द्यायचो न्हाई."

"पोरगी पसंत हाय," ती म्हणाली.

मामंजींनी दोन्ही हात जोडले.

"अन् आता तुमी समदे वर जावा. आमाला हितं बसायचंय."

मामंजी व्याह्यांकडे बघायला लागले, व्याही मामंजींकडे. मुलाच्या मामाच्या बोटांत सिगारेट तशीच जळत राहिली. मग मामंजींनी हळूच रक्षापात्र उचललं आणि जिन्याकडे निघाले. त्यांच्या मागे एकेक करत सगळे.

मुलाच्या आईनं खिडक्या उघडल्या. आत्याबाई दिवाणावर बसल्या, पाय वर घेतले आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, चहा आधी हिकडं आण. वरच्यांचं बघू मागून."