डालग्याखालची शॅमेलिऑन

"तुला सरड्यांतलं कळतं ना? मग ये. रंग बदलणारा एक सापडलाय. खात नाही, पाणी पीत नाही, दिवसभर टाकीचा तळ खरवडतोय. मरेल गं." एवढं बोलून मार्थानं फोन ठेवला आणि मी बॅग काढली. मार्था माझी हॉस्टेलची मैत्रीण. नवापूरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून तिचं शेत आहे, शेजारी कोंबड्यांची छोटी शेड. शॅमेलिऑनबद्दल मी वर्षानुवर्षं वाचत आले होते, पण जिवंत एकही पाहिला नव्हता. बॅगेत कपडे कमी, जाळीचा गुंडाळा आणि फवाऱ्याची बाटली आधी गेली.

नाशिकहून जाणार असाल तर सटाणा, ताहराबाद, पिंपळनेर असं जा. पिंपळनेरला बस बदलावी लागली, तेवढ्यात गरम भजी खाऊन घेतली. पुढचा चरणमाळ घाट पावसाळा सरल्यावर बघावा. दोन्ही बाजूंना साग, मधूनच पिवळं पडत चाललेलं गवत. रस्त्याला खड्डे आहेत, पण मी प्रत्येक झुडपात डोळे घालून बसले होते, त्यामुळे ते फारसे जाणवले नाहीत.

नवापूरहून मार्थाच्या पाड्यापर्यंत शेअर रिक्षा मिळते, भाडं किरकोळ. रिक्षावाला धुळ्याकडचा होता. कशासाठी आलात, असं त्यानं विचारलं आणि मी खरं सांगून बसले.

"सरडा देखाले?" त्यानं मागे वळून बघितलं. "ताई, आमना वावरमा चाला. फुकट देखाडसू."

घरी मार्थाची सासू ओट्यावर तूर निवडत होती. मला बघून ती त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मार्था हसली. "म्हणतात, शेडभर कोंबड्या आहेत, त्या बघायला कधी आली नाहीस."

गावात या सरड्याला विषारी समजतात. बांधावर लोक दगड उचलत होते, तेव्हा मार्थानं त्याला ओढणीत गुंडाळून आणलं होतं. आणि मग कोंबड्या सांभाळणारं माणूस जे करेल तेच केलं. जुन्या फिशटँकमध्ये भाताचं तूस पसरलं, वर पिल्लांना ऊब देणारा बल्ब लावला, कोपऱ्यात पिल्लांचं पाण्याचं भांडं ठेवलं.

मी वाकून बघितलं. वीतभर शरीर, चिमट्यासारखे पंजे, गुंडाळलेली शेपटी. एक डोळा माझ्याकडे, दुसरा मार्थाकडे.

"बल्ब काढ," मी म्हणाले. "काचेत हवा कोंडते, त्यात ही उष्णता. आणि साचलेलं पाणी याला दिसतच नाही. रानात तो पानावरचे थेंब पितो."

टाकी सावलीत आणली, बोरीची फांदी आत ठेवली, पानांवर फवारा मारला. बराच वेळ काही घडलं नाही. मग तोंड हळूच उघडलं आणि त्यानं एक थेंब टिपला. मग दुसरा. अंगावरचा काळपट रंग ओसरून हिरवा वर येऊ लागला. रंग तो लपण्यासाठीच बदलतो असं आपण समजतो. ऊन, भीती, राग हेही त्या कातडीवर उमटतं.

सकाळी मात्र खरवडणं पुन्हा सुरू. तुसात खड्डा होई आणि लगेच ढासळे. मार्थानं पोटाचे उंचवटे निरखले. "अगं, ही मादी आहे. अंड्यावर आलीय."

या माद्या ओलसर मातीत बोगदा खणून अंडी घालतात. जागा मिळाली नाही तर अंडी आतच अडकतात आणि मादी मरते. पिंजरा करावा म्हणून मी जाळी सोडवायला घेतली, पण पिंजऱ्यात एवढी खोल माती भरायची कशी? शेतात मोकळं सोडावं तर कोंबड्या सगळीकडे.

"डालगं आहे की," मार्था म्हणाली. कोंबड्या झाकायचं बांबूचं मोठं, बिनतळाचं डालगं. ऊन आत, वारा आत, खाली सगळं शेत. वनरक्षकाला फोन केला. हा प्राणी पाळणं कायद्यानं बंद आहे, हे वाचणाऱ्यांनीही लक्षात ठेवा. वनरक्षक म्हणाला, "सापडली तिथेच ठेवा, अंडी झाली की डालगं उचला."

बांधाजवळची माती ओली करून आम्ही तिला डालग्याखाली ठेवलं आणि लांब जाऊन बसलो. नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ तिथेच खाल्ली. दुपारी ती खणू लागली. आधी डोकं आत गेलं, मग अंग. फार वेळानं ती उलटी बाहेर आली, पोट खपाटीला गेलेलं. मागच्या पायांनी माती ओढून तिनं भोक बुजवलं, वरून पंजे दाबले. आम्ही डालगं उचललं. झोके घेत, थांबत ती बोरीवर चढली. मागे वळून बघितलं नाही. मी मात्र रडत होते, आणि मार्था मला हसत होती.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. जाळी अजून गुंडाळलेली आहे. ती उघडावीशी वाटत नाही. मला शॅमेलिऑन जवळ हवा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. तो हट्ट तिकडेच कुठेतरी सुटला. अंडी फुटायला कित्येक महिने लागतील.

काल मार्थाचा फोन आला. ट्रॅक्टर नांगरायला आला होता आणि तिची सासू बांधाच्या त्या कोपऱ्यात काठी घेऊन उभी राहिली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आजी, बाजूला व्हा."

"तू बाजूनं जा," ती म्हणाली. "इथं पोरं निजलीत."