डोणीतलं कमळ

साठचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी लग्न होऊन असोद्याहून धुळ्याला, देवपूरला आले. घरात शब्द चालायचा तो सासूबाईंचा. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. चूल कधी पेटवायची, माठ कुठे ठेवायचा, वरणात मीठ किती, सगळं त्यांचं आधीच ठरलेलं. माझं म्हणावं असं त्या घरात काहीच नव्हतं, आणि मी तरी कुठे मुकाट्यानं ऐकणारी!

परसात एक दगडी डोणी पडून होती, पूर्वी कुणी बैलांना पाणी पाजायला ठेवलेली. एकदा माहेराहून परतताना गावाबाहेरच्या तळ्यातला कमळाचा कंद आणला. ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन.

"काय वं, सुरण लई उनी का?" अक्कांनी विचारलं. सुरण नाही, कमळ आणलंय, डोणीत लावणार म्हटल्यावर त्या खो खो हसल्या.

डोणीत काळी माती घातली, कंद आडवा पुरला, वर पांझरा नदीची वाळू पसरली आणि वीतभर पाणी भरलं. थोड्याच दिवसांत रुपयाएवढं पान तरंगू लागलं. मी शाळेत शिकवायला जायची. परत आले की चपला पायात तशाच, आधी परसात. पाणी कसं नितळ! मी शाळेत बायांना कौतुकानं सांगत सुटले. पण पान काही टिकेना. आलं की पिवळं, आलं की कुजकं. माझ्या हातालाच गुण नाही, असं वाटून एकदा रडलेसुद्धा.

मग एक दिवस शाळा लवकर सुटली. येऊन बघते तर अक्का पदर खोचून डोणीतलं पाणी उपसताहेत आणि नारळाच्या शेंडीनं दगड घासताहेत. कपाळ माझं!

"शिळं पानी कोन ठेवस घरमा?" त्या म्हणाल्या. "मी रोज बदलस."

त्यांचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे रात्रीचं पाणी सकाळी शिळं. हंडे-कळशा पहाटे ओतायच्या, घासायच्या, ताज्या पाण्यानं भरायच्या. त्यातून डोणी तरी कशी सुटावी? पण माझं पित्त खवळलं.

"अक्का, घर तुमचं, चूल तुमची, देवसुद्धा तुमचे. एवढी एक डोणी माझी राहू द्या! कमळाला शिळंच पाणी लागतं."

अक्कांनी हातातली शेंडी टाकली आणि आत गेल्या.

बरेच दिवस त्या डोणीकडे फिरकल्या नाहीत. मग एका सकाळी भाजी धुतलेलं पाणी घेऊन त्या डोणीशी आल्या. गाळ ढवळू नये म्हणून आपल्या तळहातावर धार धरून हळूहळू पाणी सोडू लागल्या. हे मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. उन्हाळ्यात नळाला पाणी एक दिवसाआड यायला लागलं, तरी डोणी आटली नाही. शेजारणी डासांवरून कुरकुरल्या, तर अक्कांनीच नदीतून बारीक मासे आणवून आत सोडले आणि शेजारणींची तोंडं परस्पर बंद केली. अगं बाई, हीच का ती माझी सासू? मी बघतच राहायची. तेव्हा आभार मानायची रीत नव्हती, पण मन भरून यायचं.

पुढच्या साली पानं पाण्याबाहेर ताठ उभी राहिली आणि त्यांच्यात एक कळी आली. माझा जीव टांगणीला लागला. कारण अक्का पहाटे परडी घेऊन निघाल्या की गल्लीतल्या एकाही कुंपणावर फूल उरत नसे. देवाला फूल, त्यात कमळ, तेही घरचं! तोडू नका म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? एकदा भांडून झालं होतं, आता तर साक्षात देवाशीच भांडण. कळी रोज फुगत होती. आज बोलायचंच, असं मी रोज ठरवायची आणि रोज गप्प राहायची.

एका सकाळी पूजेच्या घंटीनं जाग आली. आवाज परसातून येत होता. मी तशीच धावले. कमळ पुरतं उमललं होतं, गुलाबी, आपल्या देठावर. डोणीपुढची जमीन सारवलेली, पाट मांडलेला आणि समोरच्या ताम्हनात देव्हाऱ्यातले सगळे देव. मी लग्न होऊन आल्यापासून अक्कांनी त्या देवांना दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता.

"तोडाले हात उठना नही," माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या. "म्हनीसन देवच आठे लई उनू."

मला रडू आवरेना. अक्का पाटावरून उठल्या आणि कुंकवाचा करंडा माझ्या हातात ठेवला.

"बस," म्हणाल्या. "आज पूजा तू कर."