केरसुणी, उंदीर आणि चुलीतली राख

मला वरच्या जीनमधून, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्यातून, काढलं ते भर बाजारात, शंभर-दीडशे माणसांसमोर आणि एका दमात. "हा घेऊन जा बदल्यात. पाय नाई चालत याचा, पण लिहिते बरा."

बोलणारा वरच्या जीनच्या फुटबॉल संघाचा कप्तान. तो तिथे कापसाच्या गठाणी दाबायच्या प्रेसवर मुकादम होता, मी त्या गठाणींवर नंबर टाकणारा कारकून. चार हंगाम आम्ही एकाच संघात खेळलो होतो. दुपारची भाकर एका फडक्यावर सोडून खाल्ली होती. त्याच्या बहिणीच्या लग्नात पंगतींची सगळी व्यवस्था मी यादी करून सांभाळली होती, आणि एकही पाहुणा उपाशी उठला नव्हता. त्या दिवशी लोक हसले आणि तोही हसला. मी घरी आलो, वही काढली आणि वर लिहिलं, 'त्याला हरवायचं.' खाली एक, दोन, तीन असे आकडे घातले. त्यांच्यापुढे काय लिहायचं ते सुचेना, म्हणून वही मिटली.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही वर्षं. कारंज्यात कापसाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि होळीच्या आसपास उरकायचा. गावात जीन बऱ्याच होत्या, पण फुटबॉलचा नाद दोनच जीनच्या मालकांना. एक स्टेशनाकडची वरची, दुसरी ओढ्याकडची खालची. खेळणाऱ्याला हलकं काम आणि सकाळी पेलाभर दूध मिळे, त्यामुळे कामरगाव, मंगरूळ, पार रिसोडपासून गडी येत. आधी आधी दोन्ही जीन एकमेकींचे गडी पळवायच्या. येणारी बैलबंडी वाटेत अडवून माणूस उतरवून घ्यायचे. त्यावरून डोकी फुटली, तेव्हा गावच्या चार वडीलधाऱ्यांनी तोड काढली. लहान पोरं जशी भिडू वाटून घेतात, तसे नवे गडी वाटायचे.

वाटणी अशी व्हायची. सारख्या ताकदीच्या दोघांची जोडी लावायची. ते दोघं बाजूला जाऊन एकेक गुप्त नाव ठरवत, गळ्यात हात टाकून परत येत आणि ओरडत, "कोण घेते सोनं, कोण घेते पितळ?" सोनं कोण नि पितळ कोण, हे त्या दोघांनाच ठाऊक. मागच्या हंगामात जिंकलेल्या कप्तानाला आधी मागायचा मान. तो म्हणे, "सोनं," की त्या नावाचा गडी त्याचा, उरलेला दुसऱ्याचा. मान जिंकलेल्याला, पण डोळे बांधून. म्हणून सगळ्यांना हे न्यायाचं वाटे.

माझ्या वर्षी एक गडी जोडीविना सुटा राहिला आणि हरलेल्या खालच्या जीनच्या वाट्याला आला. चांगला धिप्पाड होता, आणि कप्तानाला तो हवा होता. पावसाळ्यात माझा घोटा मुरगळला होता, तो अजून सुजलेला. तेव्हा त्याने मला बदल्यात दिलं.

खालच्या जीनचा संघ मी पहिल्यांदा आतून पाहिला. तीन वर्षांत एक सामना जिंकलेला नाही. मालकाचा मेहुणा त्यांना शिकवायचा. शिकवायचा म्हणजे अर्धा तास कवायत करून घ्यायचा आणि मग "मारा!" म्हणायचा. अकराच्या अकरा जण चेंडूमागे धावत. चेंडू आभाळात, माना वर, आणि खाली एकमेकांच्या पायांवर पाय. तो हंगाम मी रेषेबाहेर बसून काढला, घोट्याला हळदीचा लेप लावून. मला नेमून दिलेलं काम एकच, लिहिणं. मी सगळं लिहिलं. कोण कोणत्या पायाने मारतो, कोण दम लागल्यावर शिव्या देतो, कोण पडल्यावर उठायला किती वेळ लावतो. वरच्या जीनचे गडी तर दुप्पट बारकाईने लिहिले. तिन्ही सामने आम्ही हरलो.

पावसाळा लागल्यावर त्या वहीची पानं मी पुन्हा पुन्हा वाचली आणि शेवटी ते आकडे भरले. एक, शिकवणारा बदलायचा. दोन, गडी बदलायचे. तीन, घोटा.

मालकाच्या मेहुण्याला काढणं अवघड जाईल असं वाटलं होतं. मी मालकाला तीन वर्षांचे सामने एका कागदावर दाखवले, कोणी किती गोल केले आणि किती खाल्ले ते. मालकाने कागद पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाला, "त्याले मी तेलाच्या घाण्यावर बसवतो. मले दुसरा माणूस दाखव."

दुसरा माणूस गावाबाहेर वांगी-मेथी पिकवत होता. तरुणपणी नागपूरच्या गिरणीत कामाला असताना तो तिथल्या संघात खेळला होता. आता पन्नाशीचा, पायात वहाण नाही, खांद्यावर फावडं. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला बाबू.

"मी कायले येऊ, बाबू? माहे वाफे कोण पाहीन?"

"गडी तुमच्याकडे घेऊन येतो, दादा. मळ्यातच शिकवा."

"वाफ्यात पाय पडला एकाचा, तर फावड्यानं हाणीन. सांगून ठेवतो."

"हाणा."

तो हसला. "तुले कोणाचा राग आला हाय?"

मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "राग चांगला. पण तोंड बंद ठेव."

आता उरले गडी. जिंकलेली वरची जीन, म्हणजे मागायचा मान पुन्हा मुकादमाचाच. मी वही उघडून दोन हंगामांच्या वाटण्या पाहिल्या. त्या मी लिहून ठेवल्या होत्या, कारण मी सगळंच लिहितो. त्याने काय मागितलं होतं? हत्ती. सिंह. सोनं. राजा. तलवार. काय सोडलं होतं? शेळी. कोल्हा. पितळ. प्रधान. विळा. एकदाही चुकलेला नव्हता. त्या माणसाला भर बाजारात, चारचौघांत, "मले शेळी द्या" म्हणवतच नव्हतं. हे त्याला स्वतःला माहीत नसावं. मला मात्र वाचता वाचता इतका आनंद झाला की मी उठून पाणी प्यालो.

पावसाळ्याच्या उघडिपीत मी गावोगावच्या बाजारांना फिरलो. कामरगावला एक लांब पायांचा तरुण शेतकरी सापडला. चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा राही. मंगरूळच्या दर्ग्यामागच्या पटांगणात एक गोलकीपर, हात फावड्याएवढे. असे आठ जण हेरले. दादाकडे शिकायला मिळेल आणि मुकादमाच्या शिव्या खाव्या लागणार नाहीत, एवढ्यावर ते तयार झाले. प्रत्येकाला मी एकच गोष्ट शिकवली, "जोडीदाराले म्हणा, तू मोठं नाव घे, मी लहान घेतो. कोणी नाही म्हणत नाही."

मी यात लबाडी केली का? केली. वाटणी आंधळी असायला हवी होती, ती मी डोळस केली. तेव्हाही कळत होतं, आणि तेव्हाही मला त्याची लाज वाटली नाही.

वाटणीच्या दिवशी मी खालच्या जीनच्या कप्तानाच्या मागे उभा राहिलो, हातात वही. पहिली जोडी आली. "कोण घेते ऐरावत, कोण घेते उंदीर?"

"ऐरावत!" मुकादम ओरडला. मंगरूळचा गोलकीपर आमच्याकडे आला.

"कोण घेते कळस, कोण घेते केरसुणी?"

"कळस!"

कामरगावचा गडी आमच्याकडे आला. बाजार हसत होता. चुलीतली राख आमची. फुटकं मडकं आमचं. पाचव्या जोडीला मुकादम माझ्याकडे पाहून म्हणाला, "काय रे कारकुना, घर झाडून नेतं काय आमचं?" लोक पोट धरून हसले. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. आठपैकी आठ आले.

मग मळा. दादाने पहिल्या दिवशी चेंडूला हात लावू दिला नाही. दोन वाफ्यांमधल्या वितभर वरंब्यावरून एकामागे एक धावायला लावलं, अनवाणी, डावीउजवीकडे ओली मेथी. पाय घसरला की फावड्याचा दांडा. आठ दिवसांनी चेंडू आला, तोही वरंब्यावरच. तो उचलून मारायचा नाही, मारला तर थेट विहिरीत. पुढच्याच्या पायाशी सोडायचा. एक जण चिडून म्हणाला, "दादा, हा काय खेळ हाय?"

दादाने मोटेचं पाणी दाखवलं. "पाणी फेकते काय कोणी वाफ्यात? दारं उघडलं, की हा वाफा भरते. मग याचं बुजवा, त्याचं उघडा. बॉल असाच न्या. समोर दारं उघडं दिसलं तिकडं सोडा."

मी माझा घोटाही त्याच वरंब्यावर बरा केला. पहाटे सगळ्यांच्या आधी जायचो.

हंगामात तीन सामने व्हायचे, ज्याचे दोन त्याचा मान. पहिला आम्ही हरलो. मैदान दिसताच आमचे गडी वरंबा विसरले आणि जुन्या सवयीने आभाळात मारू लागले. बाजूने लोक ओरडत, "ए केरसुणी, झाड ना!" "राख उडाली रे, राख!" मुकादमाने दोन गोल केले आणि दुसऱ्यानंतर माझ्यासमोरून जाताना म्हणाला, "लिहिलं ना?"

लिहिलं होतं.

दुसऱ्या सामन्याला दादाने नवा हुकूम काढला. चेंडू गुडघ्याच्या वर गेला तर मारणारा बाहेर बसेल. दोघं बसले. उरलेल्यांनी चेंडू जमिनीवर ठेवला आणि एक गोल केला. तो पुरला.

तिसऱ्या दिवशी दोन्ही जीन बंद ठेवल्या होत्या. भोवती बंड्या लागल्या होत्या, बंड्यांवर माणसं. मला डाव्या बाजूला उभं केलं होतं आणि माझ्यासमोर मुकादम. पहिला गोल त्यांचा, माझ्याच बाजूने. त्याने मला खांद्याने उडवलं आणि पुढे गेला. मध्यंतरानंतर कामरगावच्या गड्याने बरोबरी केली. तोवर मुकादमाला दम लागला होता. माझ्या वहीत हे होतं, की दम लागला की तो चेंडूकडे न बघता माणसाकडे धावतो. मी चेंडू पायाशी धरून थांबलो. तो माझ्यावर आला, सगळा जोर घेऊन. मी त्याच्या पायांमधून चेंडू सोडला, कामरगावच्याने तो पायावर घेतला, आणि मुकादम माझ्या अंगावर आदळून पडला. खाली पडूनच आम्ही दोघांनी गोल ऐकला. दिसला नाही, लोकांच्या आवाजावरून कळला.

दोनास एक. लोक ओरडत मैदानात घुसले, "केरसुणी! केरसुणी!" त्याच नावाने, पण आता कामरगावच्याला खांद्यावर घेऊन.

इथे मी घरी जायला हवं होतं.

मुकादम उठला, धूळ झटकली आणि माझ्याकडे आला. चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "चाल बे, यंदा नशीब तुमचं. वाटणी तुमच्या बाजूनं पडली. पुढल्या साली पाहू."

नशीब. वर्षभर मी घोटा घेऊन बाजार पालथे घातले, पहाटे मेथीत धावलो, आणि हा त्याला नशीब म्हणत होता. वर पाठ थोपटत होता. त्याला हरल्याचं दुःख होतं, पण मी त्याला हरवलं हे त्याच्या गावीही नव्हतं. मग मी कोणाला हरवलं होतं?

मी वही काढली. त्याचे गडी भोवती होते, आमचेही. मी मोठ्याने वाचलं, "हत्ती घेतला, शेळी सोडली. सिंह घेतला, कोल्हा सोडला. सोनं घेतलं, पितळ सोडलं. यंदा ऐरावत घेतला, कळस घेतला. तुले लहान नाव मागवत नाई. मी तुह्यासाठी आठ लहान नावं आणली अन् तू आठही मले देल्ली."

आधी त्याला समजलं नाही. मग समजलं. त्याच्या गड्यांनाही समजलं आणि त्यातला एक हसला. फक्त एकच, पण मुकादमाने ते ऐकलं. त्याचे कान लाल झाले. तो माझ्याकडे न पाहता बंड्यांच्या मधून निघून गेला, मान वाकवून, जसा मी वर्षभरापूर्वी निघालो होतो.

दादाने मला दंडाला धरून बाजूला ओढलं. "बाबू, कोणतं बी पेरलं हे कोणी शेजाऱ्याले सांगते काय? अजून तीन साल चाललं असतं हे."

"त्याले कळायले पायजे होतं, दादा."

"तुह्यासाठी मी माही मेथी तुडवू देल्ली. त्याच्या कानासाठी नाई."

त्यानंतर दादा मैदानावर आला नाही. चार वडीलधाऱ्यांच्या कानावर गोष्ट गेली आणि त्यांनी नावांची पद्धत बंद केली. पुढच्या वर्षीपासून मडक्यात चिठ्ठ्या टाकू लागले. मागायचा मान आम्ही जिंकून मिळवला होता, तो मिळताच संपला. चिठ्ठ्यांत आम्हाला जे आले ते आले. कामरगावच्या गड्याने लग्न केलं आणि तो शेतीला लागला. पुढच्या हंगामात आम्ही तिन्ही सामने हरलो, त्याच्या पुढच्याही. खालच्या जीनचे लोक मला तोंडावर बोलत नसत, पण दूध वाटताना माझा पेला शेवटी येई.

मालकाने एकदा विचारलं, "तुले तेव्हा गप्प बसता आलं नसतं काय?"

मी विचार करून पाहिला. दोन रकाने आखले, गप्प बसण्याचे फायदे आणि सांगण्याचे. पहिल्या रकान्यात सात गोष्टी आल्या, दुसऱ्यात एक. तरी मला पुन्हा तिथे उभं केलं तर मी वही काढीनच. त्या खेपेला फक्त जरा सावकाश वाचीन.