दाजी पायी गावी जाणार होते

माझ्या दाजींइतकी चालण्याची तयारी आजवर कुणी केली नसेल, आणि इतकी तयारी करून उंबऱ्याच्या आतच राहिलेला माणूसही दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला सुरतेच्या नवागामला, नोकरी तिथल्याच पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कलर मास्तरची. कापडाची चिंधी उजेडात धरून त्यात कोणता रंग किती पडलाय हे सांगणारा हा माणूस. साठी झाली, मिल सुटली, आणि घरी बसल्यावर चार-पाच दिवसांतच त्यांनी चहा पिता पिता जाहीर केलं, "मी गावी जाणार. पायी."

गाव नंदुरबारच्या पलीकडे, तापीच्या काठाला. दाजींचे वडील दुष्काळात तिथून रुळाच्या कडेकडेनं चालत सुरतेला आले होते. त्या प्रवासाबद्दल म्हातारबांनी आयुष्यभरात एकच वाक्य सांगितलं होतं, "सकाळना उन्हले पाठ दिधी आन चालत ऱ्हायनू." दाजींना तीच वाट उलटी चालायची होती. पण एका वाक्यावर दीड-पावणेदोनशे किलोमीटर जायचं म्हणजे त्यांच्या स्वभावाला ते झेपणारं नव्हतं. ते म्हणाले, आधी माहिती काढू.

माहिती निघाली ती थांबेचना. फोनवर चालणाऱ्या लोकांचे व्हिडिओ असतात हे त्यांना कळलं आणि त्यांच्या घरातली शांतता गेली. हिमालय चढलेले, वाळवंट ओलांडलेले, कुठल्या कुठल्या देशांतले लोक दाजींना सकाळ-संध्याकाळ सल्ले देऊ लागले, आणि दाजी ते दोनशे पानी वहीत उतरवू लागले. एक जण म्हणे पाठीवर आठ किलोच्या वर वजन नको, दुसरा म्हणे तंबूशिवाय निघणं वेडेपणा. दाजींनी दोन्ही लिहून घेतलं आणि समोर प्रश्नचिन्ह काढलं. अशी प्रश्नचिन्हं पानोपानी होती. बर्फाच्या भेगेत पाय गेल्यास काय करावं, यावरही दीड पान होतं. "दाजी, आपल्या वाटेवर व्याऱ्याला बर्फ कुठला?" मी विचारलं. "मास्तर, तू शाळेत शिकवतोस आणि माहितीला नाही म्हणतोस," ते म्हणाले. सोनगडच्या डोंगरात अस्वलं आहेत का, हे त्यांनी मला तीनदा विचारलं, आणि मी तिन्ही वेळा नाही म्हटल्यावर चौथ्यांदा दुसऱ्याला विचारलं.

मोज्यांवर दोन महिने गेले. सुती मोजे घालू नका, पॉलिस्टरचे घाला, असं कुणीतरी सांगितलं होतं, ते त्यांना फार लागलं. "जन्मभर पॉलिस्टर रंगवलं, अंगाला लावलं नाही. आता पायाला लावू?" बुटांच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. अर्ध्या तासात त्यांनी सतरा जोड घालून पाहिले. शेवटी दुकानदारानं विचारलं, "काका, जवानुं क्यां छे?" दाजी म्हणाले, "नंदुरबार." तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, "नंदुरबारनी तो गाडी जाय छे." दाजी बूट न घेताच बाहेर आले. या माणसाला चालण्यातलं काही कळत नाही, असं त्यांचं मत पडलं.

सवय व्हावी म्हणून ते पाठीवरच्या पिशवीत दहा किलो गहू भरून बिल्डिंगचे तीन मजले चढत-उतरत. आठवडाभर बायकांनी कौतुक केलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, भाऊ, तुम्ही गहू घेऊन फिरताच आहात तर आमचेच घ्या, आणि येताना दळून आणा. दाजींनी आणले.

निघायचा दिवस पाच वेळा ठरला. पाचही वेळा ताईनं पहाटे उठून दशम्या केल्या, चटणी बांधली, आणि पाचही वेळा ऐन वेळी काहीतरी नवी माहिती आली. कधी उकाईच्या धरणामुळे तापीचा काठ धरून जाता येत नाही असं कळलं, कधी हायवेवरच्या कुत्र्यांचं. मग त्या दशम्या मजल्यावरची बिऱ्हाडं खात. ताई चिडत नसे. ती घरात अहिराणीच बोलायची, आणि कमी बोलायची. एकदा फक्त म्हणाली, "तुमले जानं शे का नुस्तं लिखनं शे?"

पाचव्या वेळेनंतर तीच म्हणाली, "मीबी येसू."

दाजी इतके आनंदले की त्यांनी त्याच दिवशी नवी वही आणली. जुनी माहिती एका माणसाची होती, आता दोघांची लागणार. ताईचा गुडघा, ताईची चप्पल, बायामाणसांना मुक्कामाला सुरक्षित जागा, वाटेतली संडासची सोय. बारडोलीच्या पुढे कोण ओळखीचं आहे, हे विचारायला त्यांनी जुन्या मिलवाल्यांना शोधून फोन केले. मी म्हटलं, "दाजी, आता निघा." ते म्हणाले, "माझ्या एकट्याचं चुकलं असतं तर चाललं असतं रे. हिच्या बाबतीत चुकायला नको." ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माले काय माहिती लागस? तुम्ही पुढे चाला, मी मांगे."

तो हिवाळा वहीतच गेला. पुढच्या पावसाळ्यात ताईला ताप आला. पाचव्या दिवशी ती दवाखान्यातच गेली.

दिवसकार्य झाल्यावर पाहुणे पांगले, आणि दाजी दुसरी वही घेऊन माझ्यापुढे बसले. म्हणाले, "मास्तर, एवढी तपासून दे. निघायचं काय राहिलं होतं, तेवढं बघ." मी पानं उलटत गेलो. ताईच्या गुडघ्याला बांधायचा पट्टा, तिच्या गोळ्या, मुक्कामाची गावं, सगळ्यांपुढे बरोबरची खूण होती. प्रश्नचिन्ह एकच उरलं होतं, शेवटच्या पानावर: 'टॉवेल: लहान की मोठा?' मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. दाजींनी पुन्हा विचारलं नाही, त्यांना ते पाठच असणार.

त्यानंतर त्यांनी व्हिडिओ पाहणं सोडलं. कुणी काही सांगू लागलं तर नुसतं ऐकून घेत, लिहीत नसत. माघातल्या एका रविवारी सकाळी ते माझ्या दारात आले. पायात रोजच्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. "कडोदऱ्यापर्यंत येतोस का?" म्हणाले. मी निघालो. डिंडोलीच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर लागले. दाजी रस्त्याच्या कडेनं एका चालीनं चालत होते, आणि अडलं तिथं थांबून पहिल्या भेटेल त्या माणसाला विचारत होते. लोक हात करून वाट दाखवत. कुणी पाणी देई. एका टपरीवाल्यानं बसायला खुर्ची दिली आणि कुठं निघालात म्हणून विचारलं. दाजी म्हणाले, "घरी." कडोदऱ्याला मी त्यांचा निरोप घेतला. त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मी मात्र बराच वेळ तिथंच उभा होतो.

दाजी दहाव्या दिवशी गावी पोचले. तिथं चार दिवस राहिले आणि रेल्वेनं परतले. मी उधना स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. रापलेले, थोडे वाळलेले, पण ठणठणीत. बाकावर बसवून मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "कशी होती वाट?"

बाटली त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवली. समोरून एक मालगाडी जात होती, तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत ते बघत राहिले.

"सोपी होती रे," ते म्हणाले. "फार सोपी होती. तिला सहज जमली असती."