माझ्या नावावर झालेलं मत

आमच्या मतदारसंघाचा इतिहास मला विचारा. ठाकूरद्वारच्या वाडीत जन्मले, वाडीतच सून झाले, जिना तेवढा बदलला. भल्याभल्यांना आम्ही डोक्यावर घेतलं आणि ते माजले तेव्हा घरीही बसवलं. मतदानाच्या दिवशी वाडीतल्या बायका सकाळी सातला, आंघोळी उरकून, घडीची पातळं नेसून रांगेत उभ्या असत. माझी आई मत देऊन येईपर्यंत चहासुद्धा घेत नसे. बाबा दर वेळी विचारायचे, "कुणाला दिलंस गं?" आणि ती म्हणायची, "मी विचारलं का तुम्हाला?" पन्नास वर्षांच्या संसारात त्या माणसाला एकदाही कळलं नाही. आहे की नाही माझी आई!

पुढे कागद गेला, यंत्र आलं. मग कुणीतरी नकाशावर नवीन रेघा मारल्या आणि आम्हा गिरगावकरांची गाठ टेकडीवरच्या बंगलेवाल्यांशी बांधली. मतदानाची सुट्टी लागली की ते लोणावळ्याला आणि आम्ही रांगेत. तरी दर निवडणुकीनंतर पेपरात काय येणार? दक्षिण मुंबई मतदानाला उतरत नाही! डोंबल! आमच्या शाळेच्या केंद्रावर येऊन बघा म्हणावं.

चार वर्षांपूर्वी चाळ पाडली. टॉवर होईपर्यंत आम्ही दोघं बोरिवलीला भाड्याने राहतो. परत इथेच यायचंय, म्हणून मतदार यादीतली नावं इथेच ठेवली. गेल्या निवडणुकीला पहाटे निघून आलो. केंद्रावर ह्यांची मतदानाची खोली वेगळी, माझी वेगळी. हे पाच मिनिटांत शाई लावून बाहेर आले. मी आत गेले, चिठ्ठी दिली, आणि टेबलावरची मुलगी म्हणाली, "आजी, तुमचं मत झालंय."

आजी! मी म्हटलं, "माझं मत माझ्याशिवाय कसं होईल, बाई?" तिने वही फिरवून दाखवली. माझ्या नावासमोर सही होती, गोल गोल अक्षरांत, शाळकरी पोरीसारखी. मी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत फायलींवर सह्या केल्यात. माझी सही माझ्या नवऱ्यालासुद्धा वाचता येत नाही.

  पाकीट मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. डावं बोट वर धरून मी म्हटलं, "हे बघा. कोरं आहे."

केंद्राध्यक्ष म्हणजे कुठल्याशा कॉलेजातले मास्तर होते. घामाघूम झालेले. "मॅडम, गर्दी आहे, चूक झाली असेल, जाऊ द्या ना." मागची रांग कुरकुरायला लागली. दारातून ह्यांनी मान आत घातली. "अगं, चल. राहू दे. एका मताने काय होतंय?"

"अहो, तुमचं झालंय ना? मग तुम्ही बाहेर बसा," मी म्हटलं.

मी हटणार नव्हते, त्याला कारण होतं. नोकरीत असताना मलाही इलेक्शन ड्युटी लागायची. पहिली ड्युटी माझगावला होती. गोदीतल्या एका कामगाराची बायको आली, तिच्याही नावावर कुणीतरी आधीच मत देऊन गेलं होतं. आमच्या साहेबांनी तिला हाकललं. ती असंच बोट वर धरून सगळ्यांना दाखवत होती. मी शाईची बाटली हातात धरून गप्प बसले. नावावर दुसऱ्याने मत दिलं असलं तरी खऱ्या मतदाराला कागदावर मत देता येतं, हा नियम मला पुढच्या ट्रेनिंगला समजला. तोवर ती बाई कुठे सापडणार? त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

म्हणून मी मास्तरांना म्हटलं, "टेंडर व्होट द्या मला. कागदी मतपत्रिका असते त्याची, तुमच्या सामानात आहे. फॉर्मसुद्धा आहे. शोधा."

 मास्तर म्हणाले, "तुम्हीच त्या, हे कशावरून?" ओळखपत्र होतं, पण ते म्हणाले, इथलं कुणी ओळखतं का?

कोपऱ्यात उमेदवारांचे पोलिंग एजंट बसले होते. त्यातला एक आमच्याच वाडीचा, तळमजल्यावरचा. आता चाळिशीचा बाप्या, पण चौथीत असताना गणितं सोडवायला माझ्याकडे यायचा आणि माझ्या डब्यातल्या चकल्या संपवायचा. मघापासून तो खाली मान घालून यादी चाळत होता.

"काय रे," मी म्हटलं, "मला ओळखतोस ना?"

"काकू, असं काय विचारता..."

"मग माझं नाव पुकारलं आणि दुसरीच बाई उभी राहिली, तेव्हा तुझे डोळे कुठे होते?"

 त्याने कपाळावरचा घाम पुसला. चूक म्हणावी की कुणाचं ऐकून केलेलं काम, ते त्याचं त्याला ठाऊक. पण उठला तो. बाकीच्या एजंटांच्या देखत म्हणाला, "साहेब, ह्या खऱ्या आहेत. मघाची बाई मी पाहिली होती. बोललो नाही."

मास्तरांनी पिशवी उपसली, पुस्तिका उघडली, नियम वाचला. त्यांनी बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच वाचला असावा. माझ्या बोटाला शाई लागली. मी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले, शिक्का हातात घेतला. किती वर्षांनी कागदावर मत देत होते! घडी करून मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी ते लिफाफ्यात घातलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, हे मोजलं जात नाही. कोर्टाने मागवलं तरच. माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हटलं. "मोजू नका. ठेवा मात्र नीट."

सही आधी घ्यायची असते, ते विसरलेल्या मास्तरांनी मग फॉर्म पुढे केला. कोरा करकरीत होता. पहिल्या ओळीत माझं नाव, पुढे सहीची जागा. मी सही केली, माझी, कुणाला न वाचता येणारी. निकालात त्या दुसऱ्या बाईचं मत धरलं गेलं, माझं नाही. पण ती कोण होती हे कुठेच लिहिलेलं नाही. मी आले होते, हे सरकारदरबारी लिहिलंय, माझ्या हाताने.