नवव्या अँटेनाची शीळ

माझ्या बाबांना रेडिओ संशोधन केंद्रात कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळे त्यांना तारमास्तर म्हणायचे. माळावर उभ्या असलेल्या सोळा अँटेनांपासून आतल्या यंत्रांच्या खोलीपर्यंत जेवढी म्हणून तार जमिनीखालून जात होती, ती सगळी त्यांनी स्वतःच्या हाताने टाकली होती. आईने जेवताना "अजून वाढू का?" असं विचारलं तर ते "सातव्याचा सांधा सैल झालाय बहुतेक" असं उत्तर द्यायचे. आई म्हणायची, "माझं लग्न माणसाशी लागलंय की केबलशी, ते एकदाचं कळू द्या."

त्या अँटेना आकाशातून येणारे, अगदी कमी कंपनसंख्येचे रेडिओ तरंग पकडायच्या. बाबा हेडफोन लावून ते तासन्‌तास ऐकायचे. बहुतेक वेळा नुसती खरखर असायची. पण एका शनिवारी, उजाडता उजाडता, नवव्या अँटेनावर त्यांना शीळ ऐकू आली. खालून वर चढत जाणारी, मध्येच तुटणारी, पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी. पंधरा-वीस मिनिटं चालली आणि खरखरीत विरून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाबांनी वहीत वेळ टिपली आणि तडक सरांचं दार गाठलं.

सर म्हणजे केंद्राचे तेव्हाचे प्रमुख. पुढची अकरा वर्षं त्यांनी त्या शिळेला वाहिली. ती सूर्याबरोबर सरकायची, हिवाळ्यात उशिरा, उन्हाळ्यात लवकर. वातावरणाच्या पार वरच्या थरांत उजाडताना काहीतरी घडतं आणि त्याचा हा आवाज आहे, असं सरांनी मांडलं. त्यावर त्यांचे शोधनिबंध छापून आले, तीन विद्यार्थी डॉक्टर झाले. एकच गोष्ट कुणाला सुटत नव्हती. ढगाळ दिवशी शीळ उशिरा यायची. ढग तर कितीतरी खाली, त्यांचा वरच्या थरांशी काय संबंध? सर म्हणायचे, "सुटेल तेही. घाई कसली आहे?"

सर निवृत्त झाले आणि केंद्रात नव्या इंजिनिअर मॅडम आल्या. त्यांनी तांब्याच्या तारा काढून काचेचे तंतू टाकायचं ठरवलं. बाबांना ते फार लागलं.

"माझ्या तारेला काय धाड भरलीय?" त्यांनी तोंडावरच विचारलं.

मॅडम हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. "तारमास्तर, पाचशे मीटर तांबं जमिनीत पुरलं की तेच एक अँटेना होऊन बसतं. वाटेत जे भेटेल ते गोळा करतं. काचेतून वीजच जात नाही, म्हणून ती काही गोळा करत नाही."

"आणि सिग्नल? तो कसा जाणार?"

"अँटेनाच्या बुडाशी एक छोटी पेटी, बॅटरीवर चालणारी. सिग्नल जसा वरखाली होईल तसा तिच्यातला प्रकाश कमीजास्त होतो. आकडे नाहीत, मोजदाद नाही, आहे तसा. इकडच्या टोकाला त्या प्रकाशाचा पुन्हा सिग्नल करायचा."

बाबांना हे पटलं नाही, पण आवडलं. आठ दिवसांत ते काचेचा केसाएवढा तंतू जोडायला शिकले. पहिली जोडणी त्यांनी हट्टाने नवव्या अँटेनाला केली. शीळ किती स्वच्छ ऐकू येते ते सगळ्यांना दाखवायचं होतं.

उजाडलं. शीळ आलीच नाही.

"तुमची पेटी बिघडलीय," बाबा मॅडमना म्हणाले. पण बाकी सगळं नीट येत होतं, लांबच्या विजांचे कडकडाट तर पूर्वीपेक्षा टोकदार. दुसऱ्या दिवशी बाबांनी नववी पुन्हा तांब्याच्या तारेला जोडली. शीळ हजर. तिसऱ्या दिवशी काच. शीळ गायब.

चौथ्या दिवशी मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तारमास्तर, एक करू या. तांब्याची तार अँटेनापासून सोडवा. टोकाला झाकण बसवा, आत काहीच येणार नाही असं."

बाबांनी तसं केलं. अँटेना आता कशालाच जोडलेली नव्हती. ते खोलीत आले, हेडफोन लावले. माळावर तांबडं फुटलं आणि शीळ वाजू लागली. खालून वर, तुटत, पुन्हा खालून वर.

बाबा मला नंतर म्हणाले, "मेलेल्या माणसाने हाक मारावी तसं झालं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते हातात धरायचा छोटा रिसीव्हर घेऊन तारांच्या चराच्या कडेकडेने चालू लागले. मी सुट्टीला केंद्राच्या आवारातल्या आमच्या घरी आले होते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना बघत होते. ते माळाच्या दिशेने निघाले, थांबले, मागे वळले आणि चक्क आमच्या घराकडे यायला लागले. मागच्या अंगणात आईची रोपवाटिका होती. ती नळी धरून उभी होती.

"आज इकडे कुठे उजाडलात?" आई म्हणाली.

बाबा भिंतीवरच्या पंपाच्या पेटीसमोर उभे होते. पंप उन्हावर चालायचा. पहिला उजेड पडला की पेटी मोटर फिरवायचा प्रयत्न करायची, जोर पुरायचा नाही, थांबायची, पुन्हा प्रयत्न करायची. ऊन वाढलं की पंप एकसारखा चालू लागायचा. बाबांनी बटण बंद केलं. हातातल्या रिसीव्हरमधली शीळ थांबली. चालू केलं. पुन्हा बंद केलं. आणि रोपांच्या वाफ्यातच मटकन खाली बसले.

मी धावत गेले. मला वाटलं, छातीत दुखतंय.

"पंपाची वायर मीच टाकली," ते म्हणाले. "वेगळा चर खणायचा आळस केला. नवव्याच्या केबलच्याच चरात सोडली."

आईने हातातली कोरडी नळी खाली टाकली. "म्हणजे अकरा वर्षं…" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

त्याच दिवशी बाबा सरांच्या घरी गेले. मी सोबत होते, स्कूटर मीच चालवली. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"पंप कधी बसवला?"

"ज्या शनिवारी पहिल्यांदा ऐकू आली, त्याच्या आधीच्या मंगळवारी."

सरांनी उठून समोरचं शोधनिबंधांचं कपाट बंद केलं. मग म्हणाले, "निघा तुम्ही." दार आम्हीच ओढून घेतलं.

चार दिवस काही निरोप नाही. पाचव्या दिवशी भल्या पहाटे सर काठी टेकत आमच्या अंगणात उभे. त्यांनी बाबांच्या रिसीव्हरचे हेडफोन कानाला लावले आणि दुसऱ्या हाताने स्वतः पंपाचं बटण दाबलं. बंद, चालू, बंद, चालू. किती वेळा, ते मी मोजलं नाही. शेवटी हेडफोन काढून त्यांनी बाबांच्या हातात दिले.

"ढगांचं कोडं सुटलं, तारमास्तर," ते म्हणाले आणि काठीवर वाकले. बाबांनी त्यांना धरलं. आईने आतून खुर्ची आणली.

"सर, माझ्यामुळे…"

"तुम्ही वायर टाकली. अकरा वर्षं त्या वायरवर विश्वास मी ठेवला. अँटेना एकदा सोडवून बघावी, हे मला सुचलं नाही. कागद आणा."

निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला लिहिलेल्या त्या पत्रात सरांनी आपले सगळे निबंध मागे घेतले. तीन डॉक्टरांपैकी एकाने बाबांशी कायमचं बोलणं टाकलं. दुसरी येऊन सगळ्या वह्या उतरवून घेऊन गेली, आता शांत झालेल्या नोंदींत खरंच काही उरलंय का ते शोधायला. तिसऱ्याचं काही कळलं नाही. बाबांनी आठ दिवस एकट्याने खणून पंपाची वायर वेगळ्या चरात नेली, कुणाला फावडं धरू दिलं नाही. उरलेल्या पंधरा अँटेनांनाही त्यांनीच काचेचे तंतू जोडले.

पत्र छापून आलं तेव्हा खाली दोन सह्या होत्या, सरांची आणि बाबांची. सरांनी न विचारताच बाबांचं नाव घातलं होतं. बाबा अंक हातात घेऊन दारात उभे होते.

"जन्मात पहिल्यांदा नाव छापून आलं," ते म्हणाले, "आणि ते हे असं."

आईने अंक त्यांच्या हातातून घेतला, त्यांचं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाली, "बरोबर लिहिलंय. एक अक्षरही चुकलेलं नाही."