अकरा बादल्या

आमच्या समोरच्या भांडीवाल्या अप्पांइतका पाण्याचा चिक्कू माणूस लातुरातच काय, जळकोटपासून अर्धापूरपर्यंत मी पाहिलेला नाही. मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही, म्हणून हे विधान मी जपूनच करतो आहे. त्यांच्या घरी पाहुण्याला पाण्याचा भरलेला पेला कधी मिळाला नाही. समोर यायचा तो भरलेला तांब्या आणि रिकामा पेला. "तहान तुमची, तुमीच वतून घ्या," असं म्हणून अप्पा समोर बसायचे आणि ओतून घेतलेलं संपेपर्यंत उठायचे नाहीत. मुलीला पाहायला निलंग्याहून पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या मामांनी पेला काठोकाठ भरला, दोन घोट घेतले आणि खाली ठेवला. बोलणी सुरू झाली, मुलीला प्रश्न विचारून झाले, पोहे झाले, तरी अप्पांची नजर पेल्यावरच. शेवटी मामांनी तो उचलला आणि एका दमात रिकामा केला. अप्पांनी आत जाऊन बायकोला सांगितलं की सोयरीक करायला हरकत नाही, माणसं ऐकणारी आहेत.

अंघोळ ते परातीत बसून करायचे. परात म्हणजे लग्नाच्या जेवणावळीला लागते तेवढी, स्वतःच्याच दुकानातली. परातीत साठलेलं पाणी अंगणातल्या बेलाला जायचं आणि त्या बेलाची पानं रोज पूजेला यायची. अंघोळीच्या पाण्यावर वाढलेला बेल महादेवाला कसा चालतो, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "माझं पाणी झाडाला चालतंय, झाडाचं पान देवाला चालतंय. मधी तुमी कशाला?" दुकानातही तीच तऱ्हा. गळकी घागर घेऊन कुणी नवी घ्यायला आलं, तर अप्पा ती घागर उन्हात धरून भोक शोधायचे आणि डाग देऊन आणायला परत पाठवायचे. मुलगा गल्ल्यावर कपाळाला हात लावून बसायचा. शिवाय सदऱ्याच्या खिशात चार-पाच वायसर कायमचे. गळणाऱ्या नळाचा आवाज त्यांना तीन घरांपलीकडून यायचा. अर्धापूरला पुतण्याच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी ते गायब झाले. शोधलं तर कार्यालयाच्या मागे, नव्या धोतराचा सोगा खोचून नळ आवळत बसलेले.

पण त्यांचा खरा जीव होता गल्लीतल्या आडावर. चौदा घरांत मिळून एक आड होता. दर सोमवारी पूजा झाली की अप्पा काथ्याची दोरी घेऊन तिथे जायचे. दोरीला हाता-हातावर गाठ, अशा चाळीस गाठी, आणि टोकाला दगड. दगड पाण्याला टेकला की कोरड्या राहिलेल्या गाठी मोजायच्या आणि घरी येऊन दुकानाच्या जुन्या वहीत तो आकडा लिहायचा. "यंदा एकवीस. मागच्या साली एकोणीस व्हत्या," असं ते मला मुद्दाम हाक मारून सांगायचे. आकड्यांची आवड असलेला गल्लीतला दुसरा माणूस मीच होतो.

मग लातूर जिल्हा झाला. मला नव्या कचेरीत नोकरी लागली आणि अप्पा मला सायब म्हणू लागले. गल्लीत घरोघरी नळ आले, पाणीही रोज, भरपूर धार. आडावर शेंदायला कोण जाणार? गल्लीच्या बैठकीत निघालं की आड बुजवून वर ओटा बांधावा, म्हणजे बारशाला-जेवणाला जागा होईल. अप्पा नको म्हणाले. कुणीतरी म्हणालं, भांडण कशाला, सायबांना मोजू द्या, आड वापरात आहे की नाही ते. मला ते पटलं. मी सात दिवसांची रजा टाकली आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वही घेऊन दारात बसलो. सात दिवसांत अकरा बादल्या निघाल्या. त्यांतल्या नऊ अप्पांच्या.

बैठकीत मी आकडा वाचला. एक बादली जास्त नाही, एक कमी नाही. अप्पा म्हणाले, "आड म्हातारा झालाय, मेला न्हाई." सगळे हसले. मीही हसलो असणार. मग त्यांनी मला विचारलं, "सायब, तुमी सोता मोजल्या ना?" मी हो म्हणालो. ते खाली बसले. गल्लीत बांधकामं चालली होती, त्यांची माती आणि विटांचे तुकडे पंधरा दिवसांत आडात गेले. ओटा चांगला झाला. माझ्या दोन्ही मुलांची बारशी त्यावरच झाली. अप्पा मात्र सोमवारी दोरी घेऊन ओट्यावर यायचे, क्षणभर उभे राहायचे आणि परत जायचे. सवय जात नाही, असं आम्ही म्हणायचो.

पुढे नळाला दिवसाआड पाणी आलं, मग आठवड्याने, मग महिन्याने. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या चौदा घरांच्या घागरी टँकरची वाट पाहत त्याच ओट्यावर रांगेत लागायच्या. वाट पाहता पाहता एकदा मी मनात हिशोब केला. मी मोजलं ते नळ रोज येत होता त्या आठवड्यात. आकड्यात चूक नव्हती, आठवडा चुकला होता. असा एक आठवडा मोजून मी पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांचा निकाल लावला होता.

मी अप्पांकडे गेलो. ऐंशी ओलांडली होती, खाटेवर पडून असायचे. समोर तांब्या आणि रिकामा पेला आला. मी दोन बोटं पाणी घेतलं, संपवलं आणि मग सगळं सांगितलं. 

"अकराच व्हत्या," ते म्हणाले. "मीबी मोजत व्हतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? आकडा खरा व्हता. आठवडा खोटा हाय, हे मलाबी तवा सुचलं न्हाई, सायब. लई दिसांनी सुचलं. तवर ओटा वाळला व्हता."

मी निघालो तेव्हा त्यांनी खुंटीवरची दोरी मला काढून घ्यायला सांगितली. पुढच्या थंडीत अप्पा गेले.

आता आमच्या गल्लीतल्या नऊ घरांच्या गच्चीचं पावसाचं पाणी नळीने ओट्याशेजारच्या खड्ड्यात उतरतं आणि जमिनीत मुरतं. उरलेल्या पाच घरी, त्यांनीही नळी जोडावी म्हणून, मी दर महिन्याला जाऊन बसतो. माझ्या घरीही पाहुण्याला रिकामा पेलाच मिळतो, बायको चिडते. खड्ड्यालगत गल्लीची एक आटलेली बोअर आहे. सोमवारी मी तिच्यात अप्पांची दोरी सोडतो. चाळीसही गाठी आत जातात आणि दगड कोरडा वर येतो. वहीत तसंच लिहितो. मागच्या भाद्रपदात दगड हाताला ओलसर लागला होता. पण उकाडा होता, माझ्याच तळहाताचा घाम असेल. तेव्हा ती नोंद मी धरलेली नाही.